नऊ लाख अठ्ठ्याऐंशी हजार सत्तावीस

१८ जानेवारी २०२५, शनिवार

आणि आता सगळे मलाच म्हणतात, तुम्ही कशाला बोलल्या. मी नाही तर कोण बोलणार होतं? दहाव्याला सकाळपासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत नदीवर बसलो. पिंडावर भात ठेवला, दही ठेवलं, वांग्याची भाजी ठेवली, बिडी ठेवली. समोरच्या बाभळीवर वीसेक कावळे ओळीनं बसलेले आणि एक खाली उतरेना. माझा दीर नारायणराव हात जोडून म्हणाला, "दादा, बांध सरकवणार नाही मी, शप्पथ." कावळ्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचा पोरगा सागर म्हणाला, "मोठेबाबा, खर्रा खाणं सोडतो." काही नाही. महाराज म्हणाले, माणसाची काहीतरी इच्छा राहिली आहे, आठवा.

मला आठवायची गरज नव्हती. खामगावच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी, नाकात नळी असताना, हा माणूस दोनच शब्द बोलला होता. आकडा राह्यला. माझं नाव घेतलं नाही, पाणी मागितलं नाही. आकडा राह्यला. नदीवर माझे पाय सुजले होते आणि डोकं तापलं होतं. मी उठले आणि म्हटलं, "राह्यला ना तुमचा आकडा? मी पुरा करतो वर्षाच्या आत. आता तरी खा." तीन कावळे एकदम आले.

झालं. सगळ्या वडनेरनं ऐकलं.

अकरा वर्षं हा माणूस जेवण झालं की वावरातल्या झोपडीत वही घेऊन बसायचा. मला वाटायचं सट्ट्याचे आकडे काढतो. मी भांडले, शिव्या दिल्या, एकदा वही विहिरीत फेकली. तो काही बोलला नाही, दुसरी घेऊन आला. सट्टा नाही एवढं तरी तोंडानं सांगायचं. आम्ही भाजीवाली माणसं, मिरची आणि सांबार-कोथिंबीर सोडून आम्हाला काय कळतं. सांगितलं असतं तर मला कळलं नसतं, पण सांगायचं.

त्याच्या शेवटच्या वहीत मागच्या बाजूनं मी हे लिहिते आहे. पुढच्या बाजूनं त्याचे भागाकार आहेत. नारायणरावची सून रुपाली बारावी शिकलेली आहे, तिला दाखवलं. ती म्हणाली, "मोठीआई, मोठेबाबा पाहून राह्यले होते का या आकड्याले कोणता आकडा पुरा भागते. बाकी शून्य आली पायजे. आन कोणीच भागत नसन तं तेही तसं सांगता आलं पायजे."

आकडा हा: ९८८०२७.

मी चौथी शिकलेली बाई आहे.

२१ जानेवारी

दोनपासून सुरू केलं. दोननं एक उरतो. तीननं एक. चारनं तीन. पाचनं दोन. सहानं एक. सातनं पाच. आठनं तीन. नऊनं सात उरले. दहानं सात. अकरानं सात. बारानं सात. मला वाटलं माझंच चुकलं, म्हणून चारही परत केले. सातच. चार वेगवेगळ्या दारांवर जावं आणि तोच माणूस दार उघडायला यावा, तसं झालं.

२ फेब्रुवारी, रविवार

आज सुटले असं वाटलं होतं. तेरानं शहात्तर हजार दोन वेळा गेला आणि फक्त एक उरला. मी रुपालीला हाक मारून सांगितलं, झाला आकडा, तुझ्या सासऱ्याला सांग.

तिनं वही पाहिली. "मोठीआई, एक उरला ना पण."

"एक काय उरणं असते वं? तेरा गिऱ्हाइकायले शहात्तर-शहात्तर हजार जुड्या वाटल्या आन एक उरली, तं ती कोणाच्याही पिशवीत वरून टाकून देतो आपण. घरी आणतो काय?"

"गणितात वरून नाही देत."

"मंग गणित करणाऱ्यानं धंदा केला नसन कधी."

ती हसली, मग हसू आवरलं. घरात सुतक होतं त्याला महिना नाही झाला. मला हसलेलं चालतं, पण आता तिला कसं सांगू.

रात्री चटणी वाटताना मी स्वतःशी म्हटलं, एक उरला म्हणजे उरला. पण तीस वर्षं मी वरून देत आले. त्यात माझं काही गेलं नाही, आणि एवढ्या एका उरल्यानं मेलेला माणूस अडून राहतो, हे मला पटत नाही.

१२ फेब्रुवारी

आज रुपालीवर चिडले. एकसष्टपर्यंत मी एकेक आकडा घेऊन भागत आले, आणि ही आज सांगते की चार, सहा, आठ, नऊ, दहा घ्यायचेच नव्हते. जो दोननं जात नाही तो चारनं जाणारच नाही म्हणे. ज्यांना स्वतःला कोणी भागत नाही तेवढेच घ्यायचे. त्यांना मूळ संख्या म्हणतात.

"हे पहिल्या दिवशी सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही विचारलं कुठं. तुम्ही तं सांगत होत्या."

मग म्हणाली, "मोबाइलवर एका मिनिटात होते, मोठीआई. कायले डोळे फोडता?" आणि मी काही म्हणायच्या आत तिनं आकडा टाकला. मी ओट्यावर हात आपटला. म्हटलं, "सांगशीन तं माझ्या घरात पाय ठेवू नको. नदीवर बोलली ती मी बोलली, तुहा मोबाइल नाही बोलला."

ती त्या काचेकडे पाहत राहिली. बराच वेळ. मग मोबाइल उलटा ठेवला आणि वहीचं पान फाडून मूळ संख्यांची यादी लिहायला घेतली. लिहीत लिहीत ९९७ पर्यंत गेली. मी म्हटलं, एवढ्यात होईल का? तर खाली मान घालूनच म्हणाली, "पुरे एवढ्या."

एकशे अडुसष्ट आकडे आहेत. मी मोजले.

४ मार्च

यादीप्रमाणे आधीचे भागाकार नीट उतरवून काढत होते. आकडा इकडे, बाकी तिकडे. तेवीससमोर सोळा. सदतीससमोर सोळा. त्रेचाळीससमोर सोळा.

सोळा तारखेबद्दल मी या वहीत लिहिणार नव्हते.

आणखी एक गोष्ट. झोपडीत दुपारी बसते, कारण घरी येणारे जाणारे विचारतात. मोठ्या आकड्यानं भागायचं तर आधी त्याचा पाढा बाजूला लिहून घ्यावा लागतो, नऊपर्यंत. यादीच्या पंचविसाव्या ओळीला होते. सत्त्याण्णवाचा पाढा लिहीत होते. सात सत्ते एकोणपन्नास, नऊ लिहिले, आणि हातचा चार मी म्हणायच्या आधी कोणीतरी म्हटलं. हळू. माझ्या उजव्या बाजूला, जिथे खताची पोती रचलेली आहेत.

मांजर असेल. मांजरं आकडे म्हणत नाहीत हे मलाही कळतं. पण मी उठून पाहिलं नाही.

९ मार्च, रविवार

उठून पाहिलं.

पोत्यांच्या मागे पत्र्याची पेटी. तिच्यात दहा वह्या, सुतळीनं बांधलेल्या. अकरावी मी विहिरीत टाकली ती. सगळ्यांत खालची वही शाळेची, वर निळं कव्हर, कव्हरावर पांढरी चिठ्ठी. कु. प्रेरणा शेषराव. इयत्ता नववी. विषय गणित.

मला माहीत नव्हतं. आज लिहिताना शप्पथ घेते, मला माहीत नव्हतं की आकडा तिचा होता.

पहिल्या पानावर वर तो आकडा, खाली लाल शाईत सरांची सही. मग तिचे भागाकार. तिचं अक्षर बारीक, सातला मध्ये आडवी रेघ द्यायची. दोन, तीन, पाच, सात. चार नाही, सहा नाही, तिला माहीत होतं. सत्तेचाळीसपर्यंत. सत्तेचाळीसचा भागाकार अर्धा. दोनशे दहा लिहिले आहेत आणि थांबली आहे.

त्या वेळची गोष्ट मला चांगली आठवते, कारण मिरचीची गाडी यायची होती आणि तोडणाऱ्या दोन बाया आल्या नव्हत्या. ती दारात वही घेऊन बसली होती. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा हातातून वही ओढली. "बंद कर ते, मिरची तोडाले चाल." ती म्हणाली, "आई, एवढा एक होऊ दे." मी होऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी ताप आला. डॉक्टर म्हणाले डेंगू. पाचव्या दिवशी सोळा तारीख होती.

मिरची तोडल्यानं डेंगू होत नाही. मला कोणी सांगायची गरज नाही. हे डॉक्टरांनाही मी विचारलं होतं.

त्या अर्ध्या भागाकाराच्या खाली पुढचे दोन आकडे तिच्या बापाच्या अक्षरात आहेत. बाकी चाळीस.

१० मार्च

वांगी तोडली. दुसरं काही नाही.

२२ जून, रविवार

तीन महिने वही उघडली नाही. ऊन होतं, पाणी कमी होतं, रोपं जगवायची होती. खरं सांगायचं तर ती कारणं आहेत.

नारायणराव काल आला. खाटेवर बसला, चहा प्याला, बशी खाली ठेवली आणि मग काढलं.

"वहिनी, आकड्याचं काय झालं?"

"करून राह्यली."

"नाही, लोकं विचारतात. वर्षश्राद्धाले पिंडापाशी काय सांगणार? मेलेल्या माणसाशी खोटं बोलली म्हणतीन."

"तुम्ही बांध किती सरकवला ते सांगा आधी. मंग आपण दोघं मिळून सांगू."

तो उठून गेला. पण बोलला ते खरं आहे. आज परत बसले.

बसायच्या आधी त्याच्या दहा वह्या चाळल्या, आयतं काही मिळतं का पाहायला. मिळालं ते हे. प्रत्येक वही सोळा सप्टेंबरला सुरू होते, दोनपासून. पहिली पोरीची, ती तिथूनच पुढे चालली आहे. आणि प्रत्येक वही ९८३ ला संपते. भागाकार एक हजार पाच, बाकी एकशे बारा. त्याच्यापुढचं पान कोरं. पुढच्या वर्षी पुन्हा दोन. तेच आकडे, त्याच बाक्या, दहा वेळा. शेवटच्या वहीत, जिच्यात मी लिहिते, तो ४१९ पर्यंत आला होता आणि दवाखान्यात गेला.

माझा जीव जळला. यादीत ९८३ नंतर दोन आकडे राहतात. दोन. माणूस एवढं चालत येतो आणि दारासमोरून परत फिरतो, आणि पुन्हा गावाच्या वेशीपासून चालायला लागतो. आधीपासून असाच होता. वाफे करायला घेतले की शेवटचा वाफा राहायचाच, बिडी ओढत बसायचा. थकत असेल. नाहीतर पुढचे भागाकार जमत नसतील. मला जमतात ते त्याला जमत नसतील असं नाही, पण दुसरं काय असणार.

माझं मी पहिल्यापासून करणार आहे. त्याच्या बाक्या पाहून उतरवणार नाही. तो चुकला असेल तर.

१६ सप्टेंबर, मंगळवार

बारा वर्षं झाली. कोणी काही बोललं नाही. रुपाली सकाळी येऊन न विचारता भांडी घासून गेली.

मी ७१९ ला होते. बाकी एकशे एकवीस.

ऑगस्टभर रोज दुपारी हातचा कोणीतरी माझ्याआधी म्हणत होतं. मी आता दचकत नव्हते. एकदा मी हातचा चुकून पाच धरला तर त्या बाजूनं काहीच आवाज आला नाही, इतकं गप्प झालं की मी परत गुणून पाहिलं, सहा होता. आज दिवसभर कोणी काही म्हटलं नाही. मला बरं वाटायला पाहिजे होतं. मी मुद्दाम थांबून पाहिलं. नऊ साते त्रेसष्ट, तीन लिहिले आणि थांबले. बाहेर मोटर चालू होती तेवढीच.

मग मीच म्हटलं, हातचा सहा. मोठ्यानं.

९ नोव्हेंबर, रविवार

नांदुऱ्याला गेले. पोरीच्या वहीत लाल शाईची सही ज्यांची, ते भगवंतराव सर आता तिथे मुलाकडे राहतात, स्टेशनाच्या बाजूला. काळीपिवळी जीपमध्ये बसायला जागा नव्हती, उभ्यानं गेले. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं.

सर फार म्हातारे झाले आहेत आता. मला ओळखलं नाही. मी निळ्या कव्हराची वही पुढे केली. त्यांनी कव्हर पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"प्रेरणाच्या आई."

"हो. हा आकडा तुम्ही दिला होता?"

"दिला होता."

"काऊन?"

 त्यांची सून पाणी ठेवून आत गेली. मग सर म्हणाले, "बाई, तुमची मुलगी फार लवकर गणितं सोडवायची. मी फळ्यावर लिहीपर्यंत तिचं उत्तर तयार. बाकीच्या पोरांना विचार करायला वेळच मिळत नसे. म्हणून एक असा आकडा दिला की दोन-तीन दिवस गप्प बसावी. मूळ आहे का नाही ते शोधून आण म्हटलं. तेवढंच. दुसरं मनात काही नव्हतं."

"तुम्हाले उत्तर माहीत होतं?"

"आकडा मीच तयार केला होता. त्यामुळे..."

"सांगू नका," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शेषरावही असंच म्हणायचे."

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. मी विचारलं, ते कधी आले होते. सर म्हणाले, दरवर्षी. दिवाळी झाली की यायचे, पिशवीत वांगी घेऊन. इथे या खुर्चीवर बसायचे, वही दाखवायचे. मी बाक्या तपासायचो. सगळ्या बरोबर असायच्या. मग चहा घ्यायचे आणि जायचे. पहिल्याच वर्षी मी म्हणालो, शेषराव, आता एकच उरला आहे, तर कानावर हात ठेवला त्यांनी. म्हणाले, सर, सांगू नका.

"एक नाही, दोन. नऊशे एक्क्याण्णव आन नऊशे सत्त्याण्णव."

"दोन कशाला करायचे? नऊशे चौऱ्याण्णवला नऊशे चौऱ्याण्णवनं गुणा. तुमच्या आकड्याहून फक्त नऊनं जास्त येतं. तिथे कुंपण आहे. कुंपणाच्या अलीकडे कोणी भागलं नाही तर पलीकडेही कोणी भागत नाही. म्हणजे ९८३ नंतर अलीकडे एकच उरतो."

मी घरी येऊन गुणलं. ९८८०३६. नऊनंच जास्त. कुंपण का आहे ते मला कळलं नाही, पण आहे.

सरांना मी विचारलं, "मंग ते एक काऊन करत नव्हते? दहा वर्षं येऊन तिथंच थांबत होते. येत नव्हतं काय त्यायले?"

सर म्हणाले, "बाई, जो माणूस एकशे सहासष्ट भागाकार बरोबर करतो, त्याला एकशे सदुसष्टावा येणार नाही?"

"मंग?"

त्यांनी वही बंद करून माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी दिली, प्रसाद देतात तशी. म्हणाले, "तपासायला माझ्याकडे एकदाच आली असती ना ही वही, तिच्या हातून... मी सही केली असती आणि विसरून गेलो असतो."

मी ठरवून नेलेलं काही बोलले नाही. येताना कळलं की पिशवीत त्यांच्यासाठी वांगी नेली होती, ती तशीच परत आणली.

१४ डिसेंबर, रविवार

९८३. भागाकार एक हजार पाच. बाकी एकशे बारा. त्याच्याइतकीच. तो कुठेच चुकला नव्हता.

पुढच्या पानावर ९९१ लिहिला, रेघ मारली. पेन्सिल बोथट झाली होती म्हणून उठले.

१५ डिसेंबर

मेथी काढायची होती.

१७ डिसेंबर

श्राद्धाच्या सामानाची यादी करायची म्हणून नारायणराव आला, त्यात दुपार गेली. संध्याकाळी उजेड कमी असतो. चुकायला नको.

१८ डिसेंबर

रुपालीनं विचारलं, "कुठपर्यंत आलं?"

मी म्हटलं, "हाय अजून."

ती म्हणाली, "मोठीआई, सहा दिवस राह्यले." मग जरा थांबून म्हणाली, "नाही केलं तं नाही केलं. मी सांगीन सगळ्यायले, झालं म्हणून."

"तुले काय माहीत झालं का नाही?"

 ती कणीक मळत राहिली. मला फेब्रुवारीतला तो मोबाइल आठवला, आणि तिनं यादी कुठपर्यंत लिहिली ते. दहा महिने ही पोरगी उत्तर घेऊन माझ्या घरात भांडी घासते आहे आणि तोंड उघडलं नाही. मी हिला काय काय बोलले.

२० डिसेंबर, शनिवार

आता तुमच्याशीच बोलते. आडून लिहायचा मला कंटाळा आला.

आज दुपारी मी बसले. पेन्सिलला टोक काढलं. ९९१ चा पाढा बाजूला लिहायला घेतला. ९९१, १९८२, २९७३. हातचे मी म्हटले, आणि त्या बाजूनंही कोणी म्हटले, माझ्याबरोबर, आधी नाही. चौथी ओळ ३९६४. पाचवी ४९५५. सहावी ५९४६. पुढच्या तीन ओळी लिहिल्या नाहीत. आधी भागून पाहू म्हटलं. नऊ वेळा गेला हे डोळ्यांनीच दिसत होतं, त्याला पाढा लागला नाही. उरले ९६१. पुढचा दोन खाली घेतला, परत नऊ वेळा. उरले ६९३. शेवटचा सात खाली घेतला.

६९३७.

तिथे थांबले. सहावी ओळ ५९४६ आहे. सातवी लिहिली की कळेल. सहावीत ९९१ मिळवायचे, एवढंच काम. चौथी शिकलेल्या बाईलाही ते मनात येतं. मी येऊ दिलं नाही. दुसरीकडे पाहिलं, पोती मोजली.

तुम्ही दहा वर्षं इथेच येऊन का थांबत होता ते मला आता कळलं असं मी म्हणणार नाही. अर्धं कळलं. तुम्ही थकत नव्हता, एवढं कळलं. आणि तुम्ही मला सांगितलं नाही ते सट्ट्याच्या शिव्या खाऊनही सांगितलं नाही, कारण मग तिचं नाव घ्यावं लागलं असतं आणि मी या घरात ते घेऊ देत नव्हते. हे पण कळलं. त्याचा मला राग आहे. तुमचा पण आणि माझा पण. तो आहे तसा राहू दे.

पण माझी अडचण तुमच्यासारखी नाही. तुम्ही कोणाला शब्द दिला नव्हता. बुधवारी सकाळी नदीवर जायचं आहे. सगळे असतील. मी पिंडासमोर उभी राहीन आणि मला बोलावं लागेल. पुरा केला म्हटलं तर ही ओळ लिहिलेली पाहिजे, आणि लिहिली की तुम्ही सुटाल. तिचंही काही राहणार नाही. मग दुपारी झोपडीत मी कोणाचा हातचा ऐकणार? आणि नाही लिहिली तर तुम्ही अडकलेले, माझ्या तोंडून अडकलेले, आणि तीही बाभळीखाली शाळेच्या कपड्यांत बसलेली, पुढे बारा वर्षं, पुढे चोवीस. हे मी कसं चालू ठेवू? कोण पुढे करणार? मी मेल्यावर रुपालीनं?

हा आकडा तुमचा नाही. माझाही नाही. तुमची परवानगी मी मागत नाही, तुम्ही दहा वेळा दिली नाही ते मला दिसलं. तुम्ही तिच्याजवळ आहात. तिला विचारा. नीट विचारा, रागावून नको, मी विचारते तसं नको. सातवी ओळ आईनं लिहायची का? की तिला स्वतःला लिहायची आहे, आणि मग मी वाट पाहू?

मंगळवार, तेवीस तारीख. त्या दिवशी मी झोपडीत सकाळपासून बसेन, वही उघडी ठेवून, पेन्सिल वर ठेवून. कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही पाहा. पण दिवस मावळायच्या आत मला उत्तर पाहिजे. हो की नाही. तिचं.